‘परसोंच तर तपासले!’

हैदराबादेत ‘परसों’ या शब्दाला कॅलेंडर लागू होत नाही. इतर ठिकाणी परसों म्हणजे परवा. आमच्याकडे परसों म्हणजे गेल्या आठवड्यात, गेल्या वर्षी, नाहीतर पार निजामाच्या काळातसुद्धा. ‘परसोंइच शादी हुई उसकी’ असं कुणी सांगितलं म्हणून तुम्ही आहेर घेऊन निघालात, तर दार उघडायला त्या जोडप्याचा शाळकरी मुलगा येण्याची शक्यता असते.

माझा मामा काचीगुड्यात वाढला. घरात मराठी, गल्लीत दख्खनी, बँकेत तेलुगू, अशी त्याची तीन भाषांची विभागणी. मामी दरवर्षी एकदा तरी म्हणायची, "अहो, एकदा डोळे दाखवून या." मामाचं उत्तर ठरलेलं, "परसोंच तर तपासले. नक्को आता." हे ‘परसों’ सात वर्षांपूर्वीचं होतं. आम्हाला ते नंतर, कपाटात सापडलेल्या चष्म्याच्या पावतीवरून कळलं.

मी शिकायला मुंबईत असते. सुट्टीत हुसेनसागर एक्स्प्रेसने घरी जाते. दर सुट्टीत मामाच्या काही नव्या सवयी दिसायच्या, पण त्या ‘दिसल्या’ असं आता म्हणते. तेव्हा फक्त हसलो होतो. उजवीकडे ठेवलेला चहाचा कप तो हमखास पाडायचा. दाराच्या चौकटीला त्याचा उजवा खांदा लागायचा. स्कूटर चालवताना म्हणायचा, "हे पोट्टे कुठून अचानक येतात समजत नाही!" हैदराबादची वाहतूक आम्हाला माहीत असल्यामुळे आम्हीही पोट्ट्यांनाच दोष दिला.

२०२३च्या जानेवारीत तेलंगणा सरकारच्या ‘कंटी वेलुगु’ योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. कंटी वेलुगु म्हणजे डोळ्यांचा उजेड. पहिला टप्पा १५ ऑगस्ट २०१८ रोजी मेदक जिल्ह्यातल्या मलकापूर गावातून सुरू झाला होता आणि त्यात दीड कोटीहून अधिक लोकांचे डोळे तपासले गेले होते. गावोगावी आणि शहरात वॉर्डावॉर्डात शिबिरं. तपासणी फुकट, वाचायचा चष्मा लागला तर तोही फुकट. घराजवळच्या सभागृहात शिबिर आल्यावर मामीने मामाला "चष्मा फुकट मिळतोय, चला" असं सांगून नेलं. फुकट या शब्दाने जे काम केलं ते सात वर्षांच्या विनवणीने केलं नव्हतं.

तिथे डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने तक्ता वाचायला सांगितला, तेव्हा मामा गप्प झाला. काचा बदलून पाहिल्या तरी फरक पडेना. शिबिरातल्या डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयात जायला सांगितलं. तिथे निदान झालं, काचबिंदू. उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली, डाव्याचीही कडेची थोडी गेलेली. मामाने विचारलेला पहिला प्रश्न होता, "ऑपरेशन करून परत येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "जे गेलं ते परत येत नाही. जे आहे ते आपण सांभाळू."

मोतीबिंदू वेगळा, काचबिंदू वेगळा

आपल्याकडे दोन्ही नावांत ‘बिंदू’ असल्यामुळे मोठा घोळ होतो. मामाच्या प्रश्नाच्या मागेही हाच घोळ होता.

मोतीबिंदूत डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होतं. वाफ धरलेल्या काचेतून पाहावं तसं दिसतं. शस्त्रक्रिया करून गढूळ भिंग काढतात, त्याजागी कृत्रिम भिंग बसवतात आणि बहुतेकांना पुन्हा छान दिसू लागतं. इथे उशीर झाला तरी बहुधा भरून काढता येतो.

काचबिंदूत भिंगाचा प्रश्न नसतो, मज्जातंतूचा असतो. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून वाहून जातो. वॉशबेसिनसारखंच आहे हे. नळ चालू आहे आणि जाळीत अडकू लागलं, तर पाणी तुंबतं. डोळ्यात तुंबलं की दाब वाढतो. डोळा आणि मेंदू यांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यावर त्याचा परिणाम होतो आणि त्यातले तंतू हळूहळू मरू लागतात. काही जणांचा दाब साधारण असूनही हे घडतं. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, मागची नसही पाहावी लागते. मेलेले तंतू पुन्हा जिवंत करणारं औषध आज नाही. दाब कमी ठेवण्यासाठी थेंब, लेझर, शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. पण ते सगळे ‘इथून पुढचं’ वाचवण्यासाठी आहेत.

काचबिंदूचा एक प्रकार अचानक येतो. डोळा लाल होतो, प्रचंड दुखतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात. असं झालं तर तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठायचं. पण मामाला झाला तो प्रकार दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. तो सुरू होतो बहुधा कडेच्या नजरेपासून. समोरचं वर्तमानपत्र नीट वाचता येतं, म्हणून माणूस खुशाल म्हणतो, "मला व्यवस्थित दिसतंय."

मग कळत कसं नाही?

हा प्रश्न मलाही पडला होता. नजरेचा एवढा मोठा तुकडा गेला तरी माणसाला समजत कसं नाही? त्याचं उत्तर तुम्ही आत्ता, हा लेख वाचता वाचता, स्वतः मिळवू शकता.

कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा. तिच्या उजवीकडे, त्याच रेषेत, आठ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका काढा. डावा डोळा बंद करा. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा आणि कागद हळूहळू जवळ-लांब करा. साधारण तीस सेंटिमीटरच्या आसपास ठिपका नाहीसा होईल. तिथे काळं भोक दिसणार नाही, कोरा कागदच दिसेल.

जिथून मज्जातंतू डोळ्याबाहेर पडतो त्या जागी पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. म्हणजे प्रत्येकाच्या नजरेत जन्मापासून एक भोक आहे. मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात ते दाखवून दिलं. रोजच्या जगण्यात ते जाणवत नाही, कारण एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, आणि उरलेली जागा मेंदू आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो. काचबिंदूतही बऱ्याच अंशी हेच होतं. मामाच्या मेंदूने उजवीकडे रिकामा रस्ता भरून ठेवला होता. पोट्टे अचानक येत नव्हते. ते आधीपासून तिथेच होते.

म्हणून ‘त्रास झाला की जाऊ’ हे धोरण डोळ्यांच्या बाबतीत चालत नाही. त्रास जाणवतो तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं.

हे एकट्या मामाचं नाही. १९९६ ते २००० या काळात एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतल्या संशोधकांनी तेव्हाच्या आंध्र प्रदेशात डोळ्यांच्या आजारांची मोठी पाहणी केली. हैदराबाद शहरातल्या २,५२२ जणांची त्यात तपासणी झाली. मामाला आहे त्या प्रकारचा काचबिंदू २७ जणांमध्ये नक्की सापडला. त्यांच्यापैकी आपल्याला हा आजार आहे हे आधी माहीत होतं फक्त दोघांना. आणि १४ जणांच्या डोळ्यांचं नुकसान गंभीर पातळीवर पोचलेलं होतं. हे आकडे मी मामाच्या निदानानंतर वाचले. २५ जण आपापल्या घरी ‘मला व्यवस्थित दिसतंय’ म्हणत होते.

याच संस्थेची थोडी गोष्ट सांगायला हवी. एल. व्ही. प्रसाद हे सिनेमाचे निर्माते-दिग्दर्शक. ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटात त्यांनी छोटी भूमिका केली होती. त्यांनी जमीन आणि पैसा दिला, अमेरिकेतून परतलेले डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी संस्था उभी केली, आणि १९८७ मध्ये ती हैदराबादेत सुरू झाली. लोक शहरातल्या रुग्णालयापर्यंत येत नाहीत, म्हणून संस्थेने उलटा विचार केला. तळाशी साधारण पन्नास हजार वस्तीमागे एक छोटं दृष्टिकेंद्र, त्यात प्रशिक्षण दिलेले स्थानिक तरुण-तरुणी. त्यावर शस्त्रक्रियेची सोय असलेली ग्रामीण केंद्रं. अगदी वर हैदराबादचं मुख्य रुग्णालय. यातलं पहिलं ग्रामीण केंद्र १९९६ मध्ये मुधोळला सुरू झालं. मुधोळ म्हणजे बासरजवळचं, नांदेडला लागून असलेलं गाव. तिथल्या बाजारात आजही मराठी सहज कानावर पडते. केंद्राचं नावही भोसले गोपाळराव पटेल नेत्र केंद्र असं आहे.

म्हणजे सोय होती. गावात होती, शहरात तर होतीच. मेहदीपट्टणमचं सरकारी सरोजिनीदेवी नेत्र रुग्णालय मामाच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. अडलं होतं ते फक्त ‘परसों’पाशी.

आता माझं

इथवर मी मामाबद्दल लिहिलं. ते सोपं होतं. आता जे लिहायचं आहे ते तितकंसं सोपं नाही.

मामाच्या डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. काचबिंदू घराण्यात चालतो. सख्ख्या भावंडांना आणि मुलांना तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते, म्हणून त्यांनी लगेच तपासून घ्यावं. मामाची सख्खी बहीण एकच, माझी आई.

मे महिन्यात मी घरी गेले तेव्हा मामी मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझी आई माझं ऐकायची नाही. तू घेऊन जा तिला." मी म्हटलं, "हो मामी, नक्की." त्याच रात्री मोबाइलमध्ये यादी केली. त्यात ‘आईचे डोळे’ हे पहिलं. मग आंब्याचं लोणचं घालायचं होतं. मग पाहुणे आले. मग माझं परतीचं तिकीट. मुंबईला आल्यावर फोनवर आठवण केली, तर आई म्हणाली, "तू दिवाळीला येशील ना, तेव्हा जाऊ." मला बरंच वाटलं, खोटं का बोलू? काम माझ्या डोक्यावरून उतरून कॅलेंडरवर गेलं होतं. दिवाळीत फराळ, पाहुणे आणि ‘सणासुदीला दवाखाना कशाला’. शेवटी डिसेंबरात, मामीचा फोनवरचा आवाज चढल्यावर, मी चार दिवसांसाठी गेले आणि आईला घेऊन गेले. मे ते डिसेंबर. सात महिने.

आईला काचबिंदूची सुरुवात आहे. दोन्ही डोळ्यांत. थेंब सुरू झाले.

मी डॉक्टरांना विचारलं, "मे महिन्यात आलो असतो तर?" ते म्हणाले, "ते आता कुणीच सांगू शकणार नाही. आज आलात हे चांगलं." मी ते उत्तर घेऊन बाहेर आले. आई बाकावर बसली होती. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यामुळे तिला जवळचं दिसत नव्हतं आणि ती माझा चेहरा हाताने चाचपून हसत होती, "बघ, कशी आंधळी झाले." तिला ती गंमत वाटली. मला नाही वाटली.

आणखी एक. त्या दिवशी आईने हट्टाने माझेही डोळे तपासायला लावले. मी दहावीनंतर एकदाही तपासले नव्हते. वर्गात मागच्या बाकावरून फळ्याचा फोटो काढून झूम करून वाचायचे, आणि याला मी ‘नोट्स काढायची स्मार्ट पद्धत’ म्हणत होते. संध्याकाळी डोकं दुखायचं, तर चहा प्यायचे. उजव्या डोळ्याला उणे पावणेदोन, डाव्याला उणे सव्वा. चष्मा घालून बाहेर आले तर समोरच्या झाडाला पानं होती. म्हणजे आधीही होती, पण मला नुसता हिरवा ढीग दिसायचा. मामाला हसणारी मी, माझंही ‘परसों’ चार वर्षांचं निघालं.

तपासणीत काय होतं?

आपण टाळतो त्याचं एक कारण म्हणजे आत काय करतील हे माहीत नसतं. म्हणून क्रमाने सांगते.

आधी सहा मीटरवरचा अक्षरांचा तक्ता, एकेक डोळा झाकून. ६/६ म्हणजे सहा मीटरवरून जे दिसायला हवं ते तुम्हाला तिथून दिसतं. ६/१२ म्हणजे इतरांना बारा मीटरवरून दिसणारं वाचायला तुम्हाला सहा मीटरवर यावं लागतं. मग काचा बदलत नंबर काढतात. इथे बरोबर-चूक असं काही नसतं, त्यामुळे परीक्षेसारखं घाबरून अंदाजे अक्षरं ठोकू नका. मग हनुवटी टेकवून यंत्रातून डोळ्याचा पुढचा भाग बघतात. मग दाब मोजतात. काही ठिकाणी हवेची झुळूक मारून, काही ठिकाणी बधिर करणारा थेंब घालून. मग बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा आणि नस बघतात. यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हाचा त्रास होतो, म्हणून गाडी चालवत जाऊ नका, सोबत कुणाला तरी न्या. काचबिंदूचा संशय असेल तर कडेची नजर मोजायची चाचणी करतात. समोर बघत राहायचं आणि कुठेही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. यातलं काहीही दुखत नाही.

चष्म्याच्या दुकानात यंत्रावर निघतो तो फक्त नंबर. ती डोळ्यांची पूर्ण तपासणी नव्हे. हे लक्षात ठेवा.

किती दिवसांनी तपासायचं? सगळ्यांना एकच नियम नाही, तुमचे डॉक्टर सांगतील ते खरं. पण ढोबळ मानाने, चष्मा असेल तर वर्षातून एकदा. चष्मा नसेल, त्रास नसेल, तरी दोनेक वर्षांनी एकदा. चाळिशीला तर मराठीने वयाला आणि चष्म्याला एकच शब्द देऊन ठेवलाय. त्या वयात भिंगाची लवचीकता कमी होते आणि पेपर लांब धरावा लागतो. घरातल्या मोठ्यांना तेव्हा नुसता आयता चष्मा आणून देऊ नका, त्या निमित्ताने दाब आणि नसही तपासून घ्या. मधुमेह असेल तर दरवर्षी पडदा तपासायचाच, दिसत असलं तरी. आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर वयाची वाट पाहू नका.

पुढे ढकलण्याबद्दल

मी आळशी नाही. असाइनमेंट वेळेवर देते, लायब्ररीची पुस्तकं परत करते. मग आईचं काम सात महिने का राहिलं? विचार केल्यावर तीन कारणं सापडली. त्या कामाला शेवटची तारीख नव्हती. ते न केल्याने उद्या सकाळी काहीच बिघडणार नव्हतं. आणि तिसरं, जे मान्य करायला वेळ लागला, ते म्हणजे मला भीती वाटत होती. तपासलं नाही तोवर आईला काही झालेलं नव्हतं.

यावर मला जे उपयोगी पडलं ते सांगते. एक, कामाला तारीख चिकटवा. ऑक्टोबरचा दुसरा गुरुवार हा जागतिक दृष्टी दिन असतो. आमच्या घरी आता त्या आठवड्यात सगळ्यांचे डोळे तपासायचे असं ठरलंय. दोन, काम लहान करा. यादीत ‘आईचे डोळे’ असं लिहू नका, ‘दवाखान्यात फोन करून वेळ घेणे’ असं लिहा. पहिलं वाचून छातीत धडधडतं, दुसरं पाच मिनिटांत होतं. तीन, एकट्याने करू नका. मामी मागे लागली नसती तर मी आणखी एक सण शोधला असता.

पैशांची अडचण असेल तर सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. मुंबईत जे. जे., केईएम, सायन इथे सकाळी केसपेपर काढून जाता येतं. रांग असते, पण एवीतेवी लेक्चर बुडवून आपण कट्ट्यावर बसतोच.

मामा आता डाव्या डोळ्याने वाचतो. दुपारी रिक्षाने मराठी ग्रंथसंग्रहालयात जातो. स्कूटर विकली. ती विकली तो दिवस त्याला फार जड गेला. रोज रात्री नऊला तो आईला फोन करतो, "टाकले का थेंब?" आई म्हणते, "टाकते रे, सीरियल संपू दे." तो फोन ठेवत नाही. ती उठून थेंब टाकून येईपर्यंत तो फोन धरून बसतो.

तुमच्या यादीतही असं एखादं ‘परसों’ असेल. डोळ्यांचं असेल, दातांचं असेल, बाबांच्या रक्तदाबाचं असेल. हे पान बंद केल्यावर एक फोन करा. वेळ घ्या. लागलं तर सोबत मी येते. आता मला रांगेत उभं राहायची सवय झाली आहे.